विश्लेषण : इअरफोनचा ‘फिल्टर’ बदलून आवाज खरेच सुधारतो का? कानांचे काय?

नालासोपारा ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर. जलद लोकल मिळाली तरी जायला सव्वा तास आणि यायला तेवढाच वेळ. उभे राहायला जेमतेम जागा मिळालेल्या गर्दीत विरंगुळा असतो तो कानातल्या इअरफोनचाच. मग तक्रारीही सुरू होतात. ‘बास’ कमी आहे, ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात, एक बाजू दबल्यासारखी वाटते. त्यावर उपाय म्हणून इअरफोनच्या तोंडाशी कागदी चिकटपट्टी लावणे, आत स्पंजचा तुकडा बसवणे किंवा जाळीच बदलणे असे प्रयोग अनेक जण घरच्या घरी करतात. या प्रयोगांमागे भक्कम ध्वनिशास्त्र आहे. मात्र त्यांना मर्यादा आहेत आणि कानांच्या दृष्टीने एक धोकाही आहे.

हा फिल्टर म्हणजे नेमके काय?

कानात बसणाऱ्या इअरफोनचे रबरी टोपण काढले की एक छोटी नळी दिसते. तिला ‘नोझल’ म्हणतात. नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती केवळ धूळ अडवण्यासाठी आहे असा अनेकांचा समज असतो. अनेक इअरफोनमध्ये ही जाळी, किंवा तिच्या मागचे बारीक विणीचे कापड अथवा स्पंज, आवाजाला आकार देण्याचे कामही करते. आवाज म्हणजे हवेची पुढे-मागे होणारी हालचाल. ही हवा बारीक छिद्रांतून जाताना घर्षण होते आणि तिची थोडी ऊर्जा खर्ची पडते. चहाच्या गाळणीतून पाणी झरझर उतरते, मलमलच्या फडक्यातून सावकाश झिरपते, तसाच हा प्रकार. वीण जितकी घट्ट तितका रोध अधिक. विजेचा रोध ओहममध्ये मोजतात, त्याच धर्तीवर या फिल्टरचा ध्वनिरोधही ओहममध्येच सांगितला जातो.

त्याची गरज का पडते?

याचे उत्तर आपल्या कानाच्या रचनेत आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिचे आतले टोक पडद्याने बंद असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर घुमतो, तशी ही नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप वाढवते. पडद्यापर्यंत पोहोचेपर्यंत ही वाढ १० डेसिबलहून अधिक होते. जन्मापासून आपण जग असेच ऐकत असल्याने मेंदूला तेच ‘नैसर्गिक’ वाटते. इअरफोन घातला की नळीचे तोंड बंद होते आणि ही नैसर्गिक वाढ नाहीशी होते. त्यामुळे उत्पादकाला ती इअरफोनमध्येच घडवावी लागते. ती कमी पडली तर गायकाचा आवाज मागे राहिल्यासारखा, कोंदट वाटतो. जास्त झाली तर झांजा आणि टाळ्या कानात घुसतात.

शिवाय इअरफोनच्या आतली नळी आणि पोकळी यांचे स्वतःचे घुमणे असतेच. त्यामुळे काही सुरांवर अचानक टोकदार उंचवटे तयार होतात. फिल्टर हे उंचवटे खाली बसवतो. जिथे हवेची हालचाल सर्वाधिक जोमाची, तिथेच घर्षणही जास्त. म्हणून खालच्या सुरांना फारसा धक्का न लागता टोचणारा भाग मऊ होतो.

ही कल्पना आली कुठून?

श्रवणयंत्रांतून. कमी ऐकू येणाऱ्यांच्या यंत्रातील ध्वनीचे टोकदार उंचवटे दाबण्यासाठी असे चिमुकले फिल्टर आधीपासून वापरात होते. ‘नोल्स’ या अमेरिकी कंपनीचे फिल्टर रंगावरून ओळखले जातात. पांढरा ६८० ओहमचा, तपकिरी १,००० चा, हिरवा १,५०० चा, लाल २,२०० चा आणि नारिंगी ३,३०० चा. याच क्षेत्रात काम केलेले मीड किलियन यांनी १९८३ मध्ये ‘एटिमोटिक रिसर्च’ ही कंपनी स्थापन केली. तिने १९९१ मध्ये ‘ईआर-४’ हा इअरफोन बाजारात आणला. त्याच्या तोंडाशी असलेला हिरवा फिल्टर मळला की ग्राहकाने स्वतः काढून नवा बसवायचा, अशी सोय त्यात होती.

पुढे २०१३ मध्ये ‘शुअर’ कंपनीच्या ‘एसई-८४६’ या महागड्या इअरफोनसोबत तीन प्रकारच्या नळ्या मिळू लागल्या. एक समतोल, एक उजळ आणि एक उबदार आवाजाची. समतोल आणि इतर दोन यांतला फरक १,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे अडीच डेसिबल वर किंवा खाली, एवढाच. आता तुलनेने स्वस्त असलेल्या काही वायरच्या इअरफोनसोबतही फिरवून बदलता येणाऱ्या नळ्या मिळतात. अडीच डेसिबलचा फरक कानाला नक्की जाणवतो. पण साधा इअरफोन त्याने वेगळाच होऊन जाईल, ही अपेक्षा चुकीची.

घरगुती प्रयोगांनी काय होते?

नळीच्या तोंडावर औषधाच्या दुकानात मिळणारी सच्छिद्र कागदी पट्टी लावली की रोध वाढतो आणि वरचे सूर दबतात. नळीत सैल स्पंज ठेवला तरी परिणाम साधारण तसाच, पण अधिक पसरट. स्पंज दाबून भरला तर आवाज मेल्यासारखा होतो. इअरफोनच्या पाठीवरचे सूक्ष्म छिद्र झाकले तर मात्र ‘बास’ बदलतो, कारण आतील पडद्यामागची हवा कोंडली जाते. म्हणजे कोणते छिद्र झाकले यावर परिणाम ठरतो.

यातला मोठा धोका असमतोलाचा. दोन्ही बाजूंच्या पट्टीत किंवा स्पंजात किंचित फरक पडला तरी गायक मधोमध न वाटता एका बाजूला सरकतो. गोंद आत गेला किंवा स्पंज खोलवर सरकला तर इअरफोन कायमचा बिघडू शकतो. बाहेरचा गोंगाट कमी करणाऱ्या बिनतारी इअरबडवर तर हा प्रयोग करूच नये. त्यांपैकी अनेकांच्या नळीत मायक्रोफोन असतो. त्याच्या तोंडाशी अडथळा आला की गोंगाट कमी करण्याचे गणितच चुकते.

आवाज बिघडल्यासारखा वाटला तर आधी काय तपासावे?

बहुतेक वेळा फिल्टर बदलण्याची नव्हे, तो साफ करण्याची गरज असते. कानातला मळ जाळीत अडकला की तिचा रोध वाढतो आणि आवाज आपोआप कोंदट होतो. पावसाळ्यात घाम आणि दमट हवा यांमुळे जाळीच्या छिद्रांत पाण्याचा अंश धरला जातो. तेव्हाही एक बाजू अचानक दबते आणि वाळल्यावर पूर्ववत होते.

एक बाजू कमी ऐकू येत असेल तर सोपी चाचणी करता येते. उजवा इअरफोन डाव्या कानात आणि डावा उजव्या कानात घाला. दबलेली बाजूही बदलली तर दोष इअरफोनमध्ये आहे. ती त्याच कानात राहिली तर दोष कानात असण्याची शक्यता आहे. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला हवे. साफसफाई करताना नळीचे तोंड खाली धरून कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच झाडावे. टाचणी खुपसू नये, फुंकर मारू नये, पाणी लावू नये.

त्यानंतर पाहायचे ते रबरी टोपणाचे माप. टोपण सैल असेल तर कडेच्या फटीतून सर्वात आधी ‘बास’ गळतो. तो कोणत्याही फिल्टरने परत येत नाही. दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाची टोपणे लागणे यातही काही वावगे नाही.

फिल्टर की इक्वलायझर?

फोनमधल्या किंवा गाण्यांच्या अ‍ॅपमधल्या इक्वलायझरने जवळपास हेच काम फुकटात होते आणि नको वाटले तर लगेच पूर्ववत करता येते. त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी. ‘बास’ हवा असेल तर तो वाढवण्याऐवजी टोचणारे वरचे सूर दोन-तीन डेसिबलने खाली आणावेत. परिणाम तसाच जाणवतो आणि एकूण आवाज वाढत नाही. फिल्टरचा फायदा इतकाच की तो कोणत्याही फोनवर, कोणत्याही अ‍ॅपशिवाय चालतो.

मग धोका कुठे आहे?

गाडीचा खडखडाट मुख्यतः खालच्या सुरांचा असतो. तो गाण्यातले खालचे सूर झाकून टाकतो आणि प्रवासी आवाज वाढवतो. आवाज वाढला की वरचे सूर टोचू लागतात. हे टोचणे ही एक प्रकारची सूचना असते. फिल्टर लावून ते घालवले की आवाज मऊ होतो आणि बोट पुन्हा व्हॉल्यूमच्या बटणाकडे जाते. टोचत नाही म्हणजे कानाला अपाय होत नाही, असे समजण्यात खरी चूक आहे. गोंगाटाने होणाऱ्या बहिरेपणाची पहिली खूण श्रवणचाचणीत बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसते. बोलण्यातील व्यंजने स्पष्ट कळण्यासाठी हाच भाग महत्त्वाचा. ही हानी भरून येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास ही आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास आणि ९० ला जेमतेम चार तास. नालासोपाऱ्याहून रोज जाऊन-येऊन अडीच तास, आठवड्यातून सहा दिवस इअरफोन वापरला तर १५ तास होतात. या हिशेबाने त्या प्रवाशाची मर्यादा सुमारे ८४ डेसिबल ठरते. तीही घरी आणि कार्यालयात इअरफोन अजिबात न वापरल्यास. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये याहून कडक सल्ला दिला होता. इअरफोन दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वापरू नये, मधे विश्रांती घ्यावी आणि आवाज ५० डेसिबलच्या वर नेऊ नये, असे त्यात म्हटले होते.

प्रवाशांनी काय करावे?

आवाजाची पातळी घरी, शांत खोलीत ठरवावी आणि गाडीत ती शक्यतो वाढवू नये. त्यासाठी नीट बसणारे टोपण सर्वात उपयोगी, कारण बाहेरचा गोंगाट जितका कमी आत येईल तितका आवाज कमी ठेवता येतो. मात्र याच कारणाने फलाटावर, जिन्यावर आणि रस्त्यावर इअरफोन काढून ठेवणे गरजेचे आहे. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहेच. कान बंद असताना तर मागून येणाऱ्या गाडीचा भोंगाही ऐकू येत नाही.

इअरफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहणे, गर्दीत समोरच्याचे शब्द न कळणे किंवा आवाज दबल्यासारखा वाटणे ही लक्षणे दिसली तर श्रवणचाचणी करून घ्यावी. पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांसाठी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेत ही सोय आहे.