बीदरचा मदरसा आणि स्फोटांविषयीचे समज

बीदर शहरात चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये बांधलेला तीन मजली मदरसा आहे. त्याचा उत्तरेकडचा मिनार आणि झिलईदार रंगीत फरशांनी मढवलेली त्यालगतची भिंत अद्याप उभी आहे, परंतु दर्शनी प्रवेशद्वार, जोडीचा दुसरा मिनार आणि दक्षिण व पूर्व अंगांचा बराच भाग नाहीसा झालेला आहे. औरंगजेबाच्या वेढ्यात तोफांनी ही इमारत पाडली असावी, असा पाहणाऱ्याचा सहज समज होतो, आणि तो चुकीचा आहे. बीदरचा किल्ला मोगलांच्या हाती आला तो १६५७ मध्ये. मदरशाचा विध्वंस त्यानंतर सुमारे चार दशकांनी, १६९६ च्या आसपास, शहर मोगलांच्याच ताब्यात असताना झाला. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत तेव्हा घोडदळाचा मुक्काम होता आणि काही दालनांत बंदुकीच्या दारूचा साठा ठेवलेला होता. तो साठा अपघाताने उडाला.

त्याच शहराला या धोक्याची खूण आधीच पटलेली होती, ही गोष्ट विशेष खेदाची आहे. सत्तावीस दिवसांच्या वेढ्याच्या अखेरीस, मार्च १६५७ मध्ये, मोगलांच्या बाणाची, म्हणजे दारू भरलेल्या अग्निबाणाची, ठिणगी बुरुजामागे ठेवलेल्या दारूत पडून मोठा भडका उडाला. आदिलशाही किल्लेदार सिद्दी मर्जान आणि त्याचे दोन पुत्र त्यात गंभीर भाजले आणि त्यानंतर किल्ला पडला. ज्यांनी तो विजय मिळवला, त्यांनीच पुढे भर वस्तीतल्या विद्यालयात दारू साठवली.

मदरशाच्या नाशाविषयी दोन परंपरा आहेत. एक दारूच्या स्फोटाला दोष देते, तर दुसरी सांगते की इमारतीवर वीज पडली. आणि यांतली एक खरी तर दुसरी खोटीच असली पाहिजे, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः पेटवणारे कारण आणि विध्वंसाला लागणारी ऊर्जा या दोन निराळ्या बाबी आहेत. विजेच्या एका लोळात सर्वसाधारणपणे एक अब्ज ज्यूल, म्हणजे सुमारे तीनशे किलो दारूच्या ज्वलनाइतकी ऊर्जा असते. परंतु तिचा बहुतेक भाग कित्येक किलोमीटर लांबीच्या हवेच्या मार्गात उष्णता, प्रकाश व गडगडाट यांवर खर्च होतो आणि इमारतीपर्यंत त्याचा अल्पसा अंश पोहोचतो. एकट्या विजेने मिनाराचे टोक ढासळेल, भिंतीला भेग पडेल. पण दगडचुन्याच्या इमारतीची दोन अंगे ती भुईसपाट करू शकत नाही. मात्र दारू पेटवायला तिची ठिणगी पुरेशी असते. इटलीतील ब्रेशिया येथे १७६९ मध्ये आणि ऱ्होड्स बेटावर १८५६ मध्ये वीज पडली ती एकेका इमारतीवर, आणि आसपासच्या वस्तीचा विध्वंस झाला तो तेथे साठवलेल्या दारूमुळे. बीदरमध्ये वीज पडली असो वा नसो, खोल्यांत दारू नसती तर मदरशाचे एवढे नुकसान झाले नसते.

बंद खोलीत हवा कमी असल्याने तेथे दारू सुरक्षित राहते, हा समज तर याहून घातक आहे. बंदुकीच्या दारूत सुमारे पंचाहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा आणि दहा टक्के गंधक असतो. यांपैकी सोरा हा प्राणवायू पुरवणारा क्षार असल्यामुळे जळण्यासाठी तिला बाहेरच्या हवेची गरज लागत नाही. उघड्यावर पसरलेली दारू भसकन जळून जाते, पण तीच जाड भिंतींच्या आत पेटली तर तापलेल्या वायूंना वाट मिळत नाही, दाब वाढतो, वाढत्या दाबाने ज्वलन अधिकच वेगाने होते आणि अखेर खोली फुटते.

खोली फुटली म्हणजे काय होते, हे मदरशासारख्या इमारतीत नीट समजून घेण्याजोगे आहे. कमान आणि घुमट दगडांना एकमेकांवर दाबून धरतात. वरून येणारा भार ते शतकानुशतके पेलतात, परंतु आतून वर आणि बाहेर ढकलले गेले की चुन्याच्या सांध्यांना ताण सोसत नाही आणि दगड सुटे होतात. शिवाय प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला आडवा रेटा देत असते, त्यामुळे एक गेली की दुसरीचा आधार सुटतो. पडलेला भाग आणि स्फोटाचा थेट आघात बसलेला भाग हे म्हणूनच सारखे नसतात. आणि निम्मी इमारत उभी राहिली यावरून दारू थोडीच होती असेही म्हणता येत नाही.

स्फोटात माणसे मुख्यतः आगीने मरतात, हेही नेहमी खरे नसते. हवेच्या नेहमीच्या दाबात विसाव्या हिश्श्याएवढी वाढ झाली तरी बहुतेक काचा फुटतात, आणि पाचव्या हिश्श्याएवढ्या वाढीने, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर दोन टनांचा आघात झाल्याने, सळई नसलेल्या साध्या भिंती कोसळू शकतात. फुप्फुसांना गंभीर इजा होण्यास याच्या कितीतरी पट दाब लागतो. त्यामुळे दूरच्या घरांत जीव घेतात त्या भिंती आणि काचा. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे १९१७ मध्ये जळते जहाज पाहण्यासाठी खिडकीशी उभे राहिलेल्या अनेकांचे डोळे गेले. साठा दुप्पट केल्याने हानीचे अंतर मात्र दुप्पट होत नाही. त्यासाठी आठपट साठा लागतो. साठा लहान लहान भागांत वाटून एकमेकांपासून दूर ठेवण्याची पद्धत एकाचा स्फोट दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून आहे.

मोठ्या स्फोटामागे घातपात शोधण्याची सवयही जुनी आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटले, तेव्हा युद्धकाळामुळे तसाच संशय आला. पण सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या हजारो गाठी एकाच जहाजात भरल्यावर शत्रूची गरज उरत नाही. त्या दिवशी ६६ अग्निशामक जवानांनी प्राण गमावले.

आजच्या बीदर-कलबुर्गीत स्फोटाची भीती वाटते ती बहुधा खताच्या, म्हणजे युरियाच्या, पोत्यांची. युरियात प्राणवायू पुरवण्याचा गुण नाही आणि तो आपणहून उडत नाही. २०२० मध्ये बैरूत बंदरात फुटलेले रसायन अमोनियम नायट्रेट होते, जे खाणींतील सुरुंगांसाठी वापरतात आणि ज्याच्या साठवणुकीसाठी भारतात २०१२ पासून स्वतंत्र नियम आहेत. या भागात मोठे दुर्लक्ष होते ते धुरळ्याकडे. जळणाऱ्या कोणत्याही वस्तूची बारीक पूड बंदिस्त जागेत हवेत ढगासारखी पसरली तर ती स्फोटक होऊ शकते, मग ती साखर असो, डाळीचे पीठ असो, की वाडी-सेडमच्या सिमेंट भट्ट्यांत जाळला जाणारा दळलेला कोळसा. चुनखडीची धूळ मात्र जळत नाही. ३० जून २०२५ रोजी बीदरला लागून असलेल्या संगारेड्डी जिल्ह्यात, पाशमैलारम येथील कारखान्यात झालेल्या स्फोटात चाळीसहून अधिक माणसे दगावली. तेथे औषधी गोळ्यांत मिसळण्यासाठी सेल्युलोजची, म्हणजे वनस्पतींच्या तंतुद्रव्याची, पूड तयार होत असे. ही पूड रुग्णाच्या पोटात निर्धोकपणे जाते. हवेत उडाल्यावर मात्र ती जळाऊ इंधन असते. धुरळ्याचा पहिला स्फोट बहुधा लहान असतो. त्याच्या हादऱ्याने तुळयांवर आणि नळ्यांवर साचलेला थर उडतो आणि दुसरा, मोठा स्फोट तोच थर घडवतो. एक मिलिमीटरहून पातळ थरही त्यासाठी पुरतो. त्यामुळे गिरण्यांत व कारखान्यांत साफसफाईसाठी दाबाच्या हवेचा झोत मारणे, जे स्वच्छतेचे काम समजले जाते, ते यंत्रे चालू असताना धोक्याचे असते. धूळ उडू न देता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी लागते किंवा ठिणगी न पडणाऱ्या शोषणयंत्राने ओढून घ्यावी लागते.