पट्टीवरचे नाव आणि आतले औषध

मुलाबाळांकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला निघालेल्या ज्येष्ठांच्या बॅगेत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा साठा असतोच. परंतु तेथील औषध प्रशासनाच्या धोरणानुसार स्वतःच्या उपचारापुरते, साधारणतः 90 दिवस पुरेल इतकेच औषध सोबत नेता येत असल्यामुळे, मुक्काम लांबला की ते तिथेच विकत घेण्याची वेळ येते.

भारतात ‘शेड्यूल एच’ या यादीतील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई असलेल्या औषधांसाठीही, ओळखीच्या मेडिकलमध्ये रिकामी पट्टी दाखवली तरी पुष्कळदा काम भागते. अमेरिकेत ती सोय नाही. पुण्याच्या किंवा नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथे चालत नाही. तेथील परवानाधारक डॉक्टरांनी नव्याने लिहून दिलेलीच लागते, आणि मोजून दिलेल्या गोळ्यांच्या नारिंगी डबीवर रुग्णाचे नाव, घेण्याची मात्रा आणि ‘रिफिल’, म्हणजे त्याच चिठ्ठीवर आणखी किती वेळा औषध मिळेल, तो आकडा छापलेला असतो.

खरा घोळ नावांचा आहे. कंपनीने दिलेले व्यापारी नाव देशागणिक बदलते, तर जेनेरिक नाव, म्हणजे औषधातील मूळ द्रव्याचे नाव, बहुतेक ठिकाणी तेच राहते. तरीही भारतातले पॅरासिटामॉल अमेरिकेत ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ होते. याहून धोकादायक प्रकार म्हणजे एकच व्यापारी नाव दोन देशांत निरनिराळ्या औषधांना असणे: ‘फ्लोमॅक्स’ हे अमेरिकेत प्रोस्टेट ग्रंथीच्या त्रासावरचे, तर इटलीत सूज आणि वेदना कमी करणारे औषध आहे. शिवाय काही औषधे तिथे मिळतच नाहीत. भारतात मधुमेहासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या व्हिल्डाग्लिप्टिन आणि व्होग्लिबोस यांना अमेरिकेत मान्यता नाही, म्हणून डॉक्टरांना पर्याय निवडावा लागतो, आणि त्यासाठी मूळ द्रव्य कोणते हे त्यांना कळणे अत्यावश्यक असते.

सर्वाधिक जपावे लागते ते इन्सुलिनच्या बाबतीत. भारतात मिळणाऱ्या अनेक कुप्यांमध्ये दर मिलिलीटरला 40 युनिट इन्सुलिन असते आणि त्यासाठीची सिरिंज लाल टोपणाची असते. अमेरिकेतील नेहमीच्या कुपीत मात्र दर मिलिलीटरला 100 युनिट असतात आणि तिची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. सिरिंजवरच्या रेषा द्रावणाच्या तीव्रतेप्रमाणे आखलेल्या असल्यामुळे, घरून नेलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजने तिथल्या कुपीतून 20 च्या रेषेपर्यंत द्रव ओढला, तर अर्धा मिलिलीटर, म्हणजे 20 ऐवजी 50 युनिट इन्सुलिन शरीरात जाते, आणि रक्तातील साखर जिवावर बेतेल इतकी खाली येऊ शकते. अशी चूक निष्काळजीपणाने नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या सवयीने होते. हात नेहमीच्या रेषेवरच थांबतो. त्यामुळे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून टंकलिखित पत्र घेताना त्यात प्रत्येक औषधाचे जेनेरिक नाव, मात्रा आणि वेळ यांबरोबरच इन्सुलिन दर मिलिलीटरला किती युनिटचे आहे, हेही स्पष्ट लिहून घ्यावे, आणि कुपी तिथे घेतली तर सिरिंजही तिथलीच घ्यावी.