‘स्वाधार’चा भाडेकरू : खोली द्यावी की नाही?

बुलढाणा : बारावीचे निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की बुलढाणा, चिखली, शेगाव, मलकापूर या शहरांत ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या दिसू लागतात. बुलढाण्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. पाटी वाचून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण बोलता बोलता आपल्याला ‘स्वाधार’ची रक्कम मिळणार असल्याचे सांगतात आणि घरमालक विचारात पडतो. सरकार पैसे देणार म्हणजे भाडे बुडणार नाही, असे काहींना वाटते. सरकारी पैशाचा भरवसा काय, असे इतरांना वाटते. दोन्ही समजुती अर्धवट आहेत.

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना राज्य शासनाने 2016-17 या शैक्षणिक वर्षापासून सुरू केली. शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करूनही प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील विद्यार्थ्यांना बाहेर राहून शिकता यावे, हा तिचा हेतू. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, तर इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना नंतर आली. तिन्हींचा साचा बराचसा सारखा आहे.

महानगरपालिका नसलेल्या जिल्हा मुख्यालयी, म्हणजे बुलढाण्यासारख्या ठिकाणी, ‘स्वाधार’ची रक्कम वर्षाला 43,000 रुपये ठरली आहे. त्यात भोजनासाठी 25,000, निवासासाठी 12,000 आणि निर्वाहासाठी 6,000 रुपये धरले आहेत. तालुक्याच्या ठिकाणी एकूण 38,000 रुपये असून त्यातील निवासाचा वाटा 10,000 रुपयांचा. घरमालकाने लक्षात घ्यायचा आकडा हा निवासाचा आहे. जिल्हा मुख्यालयी तो महिन्याला 1,000 रुपये भरतो. समजा, दोघांनी मिळून 3,000 रुपयांची खोली घेतली, तर प्रत्येकी 500 रुपये घरूनच आणावे लागतील. मेसचा खर्च वाढला तर भोजनाच्या रकमेतूनही भाड्याला काही उरणार नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ही रक्कम विद्यार्थ्याच्या आधार संलग्न बँक खात्यात जमा होते. घरमालकाचा त्या व्यवहाराशी संबंध नाही. अमेरिकेत 1974 पासून चालत आलेल्या ‘सेक्शन 8’ योजनेत भाडेकरू साधारणतः उत्पन्नाच्या 30 टक्के रक्कम स्वतः भरतो आणि उरलेले भाडे गृहनिर्माण यंत्रणा थेट मालकाला देते. त्याआधी घराची तपासणीही होते. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. हप्ता मिळण्यासाठी अर्जाची छाननी, उपस्थितीचा दाखला, निधीची उपलब्धता असे टप्पे ओलांडावे लागतात आणि हप्ते लांबल्याच्या तक्रारी राज्यभर वारंवार होतात. भाडे मात्र जुलैपासून सुरू होते. त्यामुळे योजनेला भाड्याची हमी समजणे चूक ठरते. ती मागाहून मिळणारी मदत आहे, एवढेच.

मग धोका कितपत? विदर्भातील जुन्या घरमालकांच्या मनात भाडेकरूची धास्ती आहे आणि तिला इतिहास आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठीच्या 1949 च्या भाडे नियंत्रण आदेशानुसार भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. घर रिकामे झाले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागे आणि शासकीय नोकर किंवा विस्थापितांना ते परस्पर वाटपही होऊ शके. ‘एकदा घुसला की निघत नाही’ ही म्हण त्या काळाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला आणि तो आदेश इतिहासजमा झाला.

नव्या अधिनियमाचे कलम 24 घरमालकाच्या बाजूचे आहे. राहण्यासाठी परवान्यावर, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’ने दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. कलम 55 मात्र मालकालाच बांधून घेते. करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांचा कागद नोटरीकडून करून घेतला की भागते, ही समजूत त्यामुळे महागात पडू शकते.

नोंदणीला खर्च येतो, हे खरेच. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असल्याने ते किरकोळ असते. पण शहरी भागातील 1,000 रुपयांचे नोंदणी शुल्क म्हणजे विद्यार्थ्याचा एका महिन्याचा निवास भत्ता. तो खर्च त्याच्याच माथी मारायचा की निम्मा-निम्मा करायचा, हे आधीच बोलून घ्यावे. अनेक घरमालक घरपट्टी वाढेल या भीतीने कागदच नको म्हणतात. परंतु विद्यार्थ्याला योजनेसाठी भाड्याने राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. घरमालकाने कागद नाकारला तर त्याचा हप्ता अडकतो आणि हप्ता अडकला की भाडेही थकते.

आणखी एक बाब, जी चर्चेत सहसा उघडपणे येत नाही. ‘कोणत्या योजनेतून पैसे मिळतात?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे विद्यार्थ्याची जात. काही ठिकाणी प्रश्न विचारला जातो तोच त्यासाठी. मग खोली ‘कालच गेली’ असे सांगितले जाते आणि पाटी मात्र लटकलेलीच राहते. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत निवासी जागा घेण्यास किंवा तेथे राहण्यास अटकाव करणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 च्या कलम 4 नुसार गुन्हा आहे. घरमालकाला भाडे कसे भरणार, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्यासाठी महाविद्यालयाची प्रवेश पावती, पालकाचा दूरध्वनी क्रमांक आणि घरून दरमहा किती येणार, एवढी माहिती पुरेशी ठरते.

व्यवहारात जमणारी तडजोड अशी : दरमहाच्या भाड्यातला ठरलेला भाग विद्यार्थ्याने घरून आणून वेळेवर द्यायचा, उरलेली रक्कम हप्ता जमा झाल्यावर चुकती करायची आणि ही अट करारातच लिहायची. डिपॉझिट एक-दोन महिन्यांच्या भाड्याएवढे असावे. योजनेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपयांची आहे. त्या घरातून पंचवीस हजारांचे डिपॉझिट येणार नाही. मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी. तीही कायद्याने बंधनकारक आहे. अकरावी-बारावीचा विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल, तर त्याच्या सहीच्या कराराला कायद्यात अर्थ नाही. अशा वेळी करार वडिलांच्या किंवा आईच्या नावे करून घ्यावा.