किरणोत्सारी मालाची विमानाने व समुद्रमार्गे वाहतूक

२५ ऑगस्ट १९८४ रोजी बेल्जियमच्या ऑस्टेंड बंदरानजीक 'मों लुई' या फ्रेंच मालवाहू जहाजाची एका प्रवासी बोटीशी टक्कर झाली आणि ते उथळ समुद्रात बुडाले. सोव्हिएत संघातील रिगा बंदराकडे निघालेल्या या जहाजावर युरेनियम हेक्झाफ्लोराइडने भरलेली ३० पोलादी नळकांडी होती. जहाजावर नेमका कोणता माल आहे, ही गोष्ट प्रथम एका पर्यावरणवादी संघटनेने जाहीर केली आणि किनाऱ्यावरील लोकांत एकच खळबळ उडाली. ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत सर्व नळकांडी वर काढण्यात आली. किरणोत्सर्गाचे लक्षणीय प्रदूषण कोठेही आढळले नाही. वस्तुतः या पदार्थाचा मोठा धोका रासायनिक स्वरूपाचा असतो. पाण्याशी संयोग झाला तर त्यापासून अत्यंत दाहक आम्ल बनते. जाड पोलादाने तो अनर्थ टाळला. मालाची माहिती आरंभीच दिली गेली असती तर निम्मी भीती निर्माणच झाली नसती, असे माहितीचे काम करणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही.

जहाज बुडू शकते, विमान कोसळू शकते, मालधक्क्यावर पेटी हातातून निसटू शकते, हे गृहीत धरूनच या वाहतुकीचे नियम करण्यात आले आहेत. संरक्षणाचा मुख्य भार आवेष्टनावर, म्हणजे पेटीवर टाकलेला आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने हे नियम प्रथम १९६१ साली प्रसिद्ध केले व नंतर वेळोवेळी सुधारले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी ते आपापल्या नियमावलींत समाविष्ट केले आहेत. त्यामुळे मालमोटारीतून विमानात आणि विमानातून जहाजावर गेलेल्या पेटीस सर्वत्र मूलतः एकच कसोटी लागू पडते. आपल्या देशात ही जबाबदारी मुंबईच्या अणुशक्तिनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. १९८३ साली स्थापन झालेले हे मंडळ धोकादायक मालाच्या आवेष्टनांचे आराखडे तपासून मंजूर करते.

पेटी किती मजबूत असावी, हे आतील पदार्थावरून ठरते. रुग्णालयांत लागणारी बहुतेक किरणोत्सारी औषधे 'अ' प्रकारच्या आवेष्टनातून जातात. नेहमीच्या हाताळणीतील पाऊस, धक्के, वर रचलेल्या मालाचे ओझे यांत ते टिकले पाहिजे. भीषण अपघातात ते फुटू शकते. म्हणून आतील पदार्थाचे प्रमाणच इतके मर्यादित ठेवतात की, फुटले तरी जवळच्या माणसास गंभीर इजा होऊ नये. अधिक तीव्र पदार्थांसाठी, उदाहरणार्थ कर्करोगावरील उपचारयंत्रातील कोबाल्टसाठी, 'ब' प्रकार आहे. त्याची परीक्षा मोठी कठोर असते. नमुना ९ मीटर उंचीवरून न दबणाऱ्या कठीण पृष्ठभागावर आपटतात. १ मीटरवरून तो पोलादी दांड्यावर टाकतात. मग तोच दुखावलेला नमुना ८०० अंश सेल्सियसच्या आगीत ३० मिनिटे ठेवतात. पाण्यात बुडवण्याची चाचणीही त्यास द्यावी लागते. विमानाने मोठ्या प्रमाणात न्यावयाच्या अतितीव्र पदार्थांसाठी 'क' प्रकार असून त्याचा नमुना सेकंदाला ९० मीटर वेगाने आपटला जातो.

पेटीवरील तीन पात्यांचे चिन्ह अनेकांनी पाहिले असेल. त्याखालील मजकूर मात्र क्वचितच कोणी वाचतो. पांढरी चिठ्ठी सर्वांत कमी प्रारणाची खूण होय. पिवळ्या चिठ्ठीवर दोन किंवा तीन उभ्या तांबड्या रेघा असतात आणि रेघा जितक्या अधिक तितके बाहेरील प्रारण अधिक. पिवळ्या चिठ्ठीवर एक 'वाहतूक निर्देशांक'ही लिहिलेला असतो. पेटीपासून १ मीटर अंतरावर तासाला किती मिलिसिव्हर्ट प्रारण आढळते, ते मोजून त्याला १०० ने गुणले की हा आकडा मिळतो. प्रवासी विमानात सर्व पेट्यांचे आकडे मिळवून प्रवाशांपासूनचे अंतर ठरवले जाते. कोणता माल कोठे ठेवला आहे, हे उड्डाणापूर्वी प्रमुख वैमानिकास लेखी कळवावे लागते. अशी पेटी कोठे बेवारस आढळल्यास ती उघडू वा हलवू नये. लोकांना दूर ठेवून पोलिसांस व जिल्हा प्रशासनास चिठ्ठीवरील मजकुरासह तत्काळ कळवावे.

समुद्रमार्गे वापरलेले अणुइंधन, प्लुटोनियम व उच्च पातळीचा अणुकचरा नेणाऱ्या जहाजांसाठी सागरी संघटनेची वेगळी संहिता आहे. १९९३ साली ऐच्छिक असलेली ही संहिता २००१ पासून बंधनकारक झाली. तडा गेला तरी तरंगत राहण्याची क्षमता, अग्निशमन, माल थंड ठेवण्याची सोय आणि आपत्कालीन आराखडा या गोष्टी तीत सांगितल्या आहेत.

एवढे नियम पाळूनही माल धक्क्यावरच अडकतो, ही या विषयाची दुसरी बाजू आहे. सर्व कागदपत्रे बिनचूक असताना केवळ चिन्ह पाहून विमान कंपन्या, जहाज कंपन्या वा बंदरे माल नाकारतात. हा अनुभव इतका सार्वत्रिक झाला की, २००६ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला त्यासाठी स्वतंत्र समिती नेमावी लागली. कोळसा किंवा सिमेंट आठ दिवस पडून राहिले तर भाड्याचे नुकसान होते, एवढेच. थायरॉइडच्या कर्करोगावर दिले जाणारे किरणोत्सारी आयोडीन आठ दिवसांत निम्मे उरते. हृदय व हाडे यांच्या तपासणीसाठी लागणारे टेक्नेशियम ज्या मोलिब्डेनमपासून मिळते, त्याचे अर्धायुष्य ६६ तासांचे आहे. म्हणजे सोमवारी सकाळी निघालेली पेटी शनिवारी सायंकाळी रुग्णालयात पोहोचली, तर आत सुमारे चतुर्थांशच मोलिब्डेनम शिल्लक असते, आणि त्या आठवड्यात तपासणीसाठी नाव लागलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांना पुढची तारीख देण्याची पाळी डॉक्टरांवर येते.