अडीच मिनिटांची धाव

रोबोटिक्सचा संघ काढायचा म्हटलं की पालक आधी विचारतात, ‘कोडिंग येणारी मुलं कुठून आणायची?’ मी सांगते, भांडून पुन्हा एकत्र बसणारी आणा. बाकीचं शिकवता येतं.

आम्ही उतरतो ती ‘फर्स्ट लेगो लीग’. डीन केमन यांनी 1989 साली अमेरिकेत स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेची ही स्पर्धा. संघात जास्तीत जास्त 10 मुलं. टेबलावर रोबो अडीच मिनिटं मुलांनी लिहिलेल्या प्रोग्रामवर धावतो, रिमोट चालत नाही. चाक जरा घसरलं की तो तिरका जातो. मुलं वैतागतात. मग कुणाला तरी सुचतं, त्याला मागे नेऊन टेबलाच्या कडेला टेकवावं. तो सरळ होतो आणि वर्गात एकच आरडाओरडा! हा पहिला जल्लोष, तो मनसोक्त करू द्यावा.

स्पर्धेत परीक्षक मुलांचा संशोधन प्रकल्प आणि आपसातलं वागणंही बघतात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. बक्षीस मिळो न मिळो, परतल्यावर आम्ही पेढे वाटतो, शाळेच्या सभागृहात रोबो पुन्हा चालवतो. वायरी नीट गुंडाळून ठेवणाऱ्या मुलीचं नावही त्या दिवशी माइकवरून पुकारलं जातं. पुढच्या वर्षीची नावनोंदणी तिथेच सुरू होते.