दहा हजारांचा जामीन

टिळक, आगरकर, डोंगरीचा तुरुंग आणि १०१ दिवस हे मराठी वाचकाला शाळेपासून पाठ असते. मला मात्र या कोल्हापूर प्रकरणातल्या दोन गोष्टींनी वर्षानुवर्षे ओढ लावली आहे. त्या म्हणजे ती बनावट पत्रे आणि तो जामीनदार. चरित्रकार दोन्ही एकेका वाक्यात उरकतात.

कोल्हापूरच्या गादीवर १८७१ साली दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे आहेत असे सरकारी कागद सांगत होते. त्यांना वेडे ठरवून छळले जाते, अशी कुजबुज दक्षिण महाराष्ट्रभर होती. संशयाची सुई दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडे वळलेली. जानेवारी १८८१ मध्ये निघालेल्या 'केसरी' आणि 'मराठा'ने हा प्रश्न जीव तोडून लावून धरला. मग त्यांच्या हाती काही पत्रे आली. ती बर्व्यांचीच आहेत आणि महाराजांविरुद्धचा कट त्यांतून उघड होतो, असे देणाऱ्यांनी सांगितले. टिळक आणि आगरकर या संपादकांनी विश्वास ठेवला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी बर्वे मागे हटले नाहीत.

पंचविशीतल्या या दोघांचा हेतू निखळ होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही माझा आक्षेप आहे. आधीच मनाने धरलेल्या गोष्टीला हवा तो पुरावा मिळाला, म्हणून त्यांनी तो तपासला नाही. याचा सर्वांत मोठा फटका संपादकांना बसलाच नाही, तो महाराजांना बसला. पत्रे खोटी ठरली आणि तक्रारच खोटी असल्यासारखे वातावरण झाले. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. वय अवघे वीस. एका खऱ्या दुःखाची बाजू खोट्या कागदांवर उभी केली गेली होती, हे मला आजही अस्वस्थ करते.

देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा लिटनचा १८७८ चा कायदा रिपनने १८८२ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी हे दोन संपादक तुरुंगात गेले, तेही अब्रुनुकसानीच्या साध्या कलमाखाली.

आता जामीनदार. खटला उभा राहिला तेव्हा दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तुटपुंज्या पगारावर शिकवणाऱ्यांजवळ एवढी रक्कम कुठली? तेव्हा पुढे आले रामशेठ बापूशेठ उरवणे. आणि त्यांना पुढे केले जोतीराव फुल्यांनी.

हे किती अवघड होते, ते पाहा. 'केसरी'च्या संस्थापकांतले विष्णुशास्त्री चिपळूणकर. त्यांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या लेखनाची आणि त्यांच्या सत्यशोधक समाजाची जी टर उडवली, ती आजही वाचवत नाही. शास्त्रीबुवा मार्च १८८२ मध्ये, खटला सुरू असतानाच वारले; कटुता त्यांच्यासोबत गेली नव्हती. सत्यशोधकांना स्वतःचे 'दीनबंधु' होते. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ मध्ये सुरू केले आणि पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवले. ज्यांनी हिणवले त्यांची फजिती बघत बसायला त्यांना कोणी अडवले नसते. पण छत्रपतींच्या गादीवरचा अन्याय त्यांना स्वतःचा वाटला, आणि तो मांडणाऱ्या लेखणीमागे ते उभे राहिले. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले, तेव्हा त्यांच्या स्वागतातही सत्यशोधक मंडळी होती.

तुरुंगातल्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले, 'हॅम्लेट'चे मराठी रूपांतरही केले. पुढे टिळकांशी मतभेद विकोपाला गेले, १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि वर्षभरात 'सुधारक' काढला. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून लांबवत नाही.

उरवण्यांनी मात्र पुस्तक लिहिले नाही. मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात त्यांचे नाव शोधायला बोट धरून ओळी वाचाव्या लागतात. पत्रकारिता शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: डोंगरी शिकवाल तेव्हा ती बनावट पत्रेही शिकवा, आणि मतभेद बाजूला ठेवून जामीन राहिलेल्या रामशेठ उरवण्यांचे नाव फळ्यावर पूर्ण लिहा.