६.४ आधी की १०.२?

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर महिलांची तपासणी होते. रक्ताचे आकडे आधी वहीत, मग संगणकात जातात. अशीच एक यादी काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर आली. सर्वात कमी हिमोग्लोबिन वर, अशी ती लावलेली होती. वर होते १०.२, मग ११.०, ११.६. ६.४ची नोंद पार खाली, दुसऱ्या पानावर! गरोदरपणात हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी म्हणजे तीव्र रक्तक्षय. सिस्टरने वहीत लाल खूण केली होती, म्हणून ती बाई त्याच दिवशी उपचाराला आली.

चूक कुठे झाली? संगणकाने ते आकडे ‘मजकूर’ म्हणून साठवले होते. शब्दकोशात ‘क’ नंतर ‘ख’ येतो, तसे त्याने पहिले चिन्ह पाहिले. १ हा ६ च्या आधी, म्हणून १०.२ आधी. मजकुराचे संख्येत रूपांतर करा, असे प्रोग्रामला सांगावे लागते. ते सांगायचे राहून गेले होते.

पण रूपांतर सांगितले म्हणजे काम झाले, असेही नाही. साखर मोजण्याच्या यंत्राच्या मर्यादेपलीकडे साखर गेली, की अनेक यंत्रांवर आकड्याऐवजी ‘हाय’ ही अक्षरे दिसतात. बऱ्याच यंत्रांत ही मर्यादा ६०० असते. या अक्षरांची संख्या होत नाही. प्रोग्रामने तिथे गुपचूप शून्य टाकले, तर सर्वात धोक्यातला रुग्ण यादीत सर्वात कमी साखरेचा ठरेल. रिकाम्या रकान्याचेही तसेच. ‘तपासणी झाली नाही’ आणि ‘शून्य’ यांत फार अंतर आहे. वाचता न आलेली नोंद बाजूला काढून माणसाला दाखवतो, तो प्रोग्राम चांगला.

उलटा घोळही होतो. एक्सेल काही मजकूर न विचारता तारखेत बदलते. ‘मार्च१’ नावाच्या जनुकाची त्याने १ मार्च केली, ‘सेप्ट२’ची २ सप्टेंबर. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. शेवटी मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने नावेच बदलली. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ झाले, ‘सेप्ट२’चे ‘सेप्टिन२’. २०२० च्या नियमावलीत या बदलांची नोंद आहे.

आपण काय करायचे? फोंडाघाटातून कणकवलीला किंवा घाट चढून कोल्हापूरला दाखवायला जाताना प्रयोगशाळेचा मूळ कागद सोबत ठेवा. मोबाइलवरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. दशांश चिन्ह, तारीख आणि एकक, तिन्ही बघा. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे विचारायला संकोच करू नका. आणि घरच्या यंत्रावर ‘हाय’ दिसले, तर आकड्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.